हलिमाचं घंगाळ

घराबाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा पांढरा झाला. दोन क्षण काहीच दिसेना. पार्किंगमधल्या गाड्या, समोरची मशीद, कचऱ्याच्या पेटीवर बसलेली मांजर, सगळं दुधात बुडालं. ओढणीच्या टोकाने काच पुसली, ती पुन्हा पांढरी झाली. म्हणजे आला तो ऋतू.

सौदीतल्या या जुबैलमध्ये हा ऋतू आधी चष्म्याला कळतो. मग दाराच्या कडीला. ती बाहेरून घाम आल्यासारखी ओली लागते. मग मिठाच्या बरणीला. मराठीत याला नाव नाही. फोनवर बहिणीला सांगितलं, की फार दमट झालंय गं, तर ती म्हणते, मुंबईसारखं ना. नाही, मुंबईसारखं नाही. मुंबईच्या ओल्या हवेतून शेवटी काहीतरी पडतं. इथे हवा ओली होते आणि तशीच राहते, रडू यावं आणि येऊ नये तशी. पडत काही नाही. समुद्रावरून वारा येतो, अंगाला चिकटतो आणि बसून राहतो.

या ओलीवर दोन गोष्टी वाढतात. एक, जवळच्या कतीफच्या बागांतली खजूर. दुसरी, जुन्या काशावरची हिरवी भुकटी. काशात कधीकाळी मीठ शिरलेलं असलं, की ओल लागताच आतून पोपटी भुकटी फुटते, पाठीवर घामोळं उठावं तशी. आमच्या धंद्यात त्याला सरळ रोगच म्हणतात. खजुरीला जी हवा गोड करते तीच काशाला खाऊन टाकते. पुस्तकात हे मी पूर्वीच वाचलं होतं, पण हाताला ते कळलं एका उन्हाळ्यात. तो उन्हाळा दरवर्षी या चष्म्यावरच्या वाफेबरोबर परत येतो आणि मला घरात बसू देत नाही.

मी नाशिकची. माहेर भांडीबाजाराच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे लहानपणी सकाळ व्हायची ती पितळेवरच्या ठोक्यांनी. शिकले पुण्यात, पुरातत्त्व, आणि त्यातही धातू. माझ्या वडिलांची त्यामुळे पंचाईत व्हायची. मुलगी जुनी भांडी तपासते एवढंच ते लोकांना सांगत, आणि लोक विचारत, मोडीत घेते का. मग लग्न झालं, सुधीरच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, माझं नाव चढलं आणि इथे आले. त्या कागदावर मी कोण, तर त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती. पुढे बरीच वर्षं इंडियन स्कूलमध्ये इतिहास शिकवला. पोरांकडून हडप्पाची गटारं पाठ करून घेतली.

मग या देशात वारं फिरलं. संग्रहालयं उभी राहू लागली, आणि दम्माममधल्या एका नव्या संग्रहालयाला धातूच्या वस्तू साफ करणारं माणूस हवं होतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला तिच्या शिक्षणातली पहिली नोकरी मिळाली. सुधीरने पेढ्यांऐवजी बकलावा आणला, आणि मी उगाचच दोनदा नमस्कार केला, एकदा देवाला आणि एकदा त्या डब्याला.

त्याच वर्षी आमचा केदार इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. सुधीर रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर; आठवडाभर तिथल्या कॅम्पवर राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा. घर इतकं शांत झालं, की फ्रीज सुरू झाला तरी मी दचकायचे. दोघांच्याच पोळ्या, मग एकटीच्या, मग भातावर भागवणं. याला एकटेपणा म्हणतात हे कळायलाही मला वेळ लागला. मला वाटायचं, बी.पी. वाढलंय.

अशात संग्रहालयात ते भांडं आलं. हो, भांडंच. कतीफच्या एका जुन्या घरातून आलं होतं आणि सोबतच्या चिठ्ठीवर 'मोठे भांडे, खजुरीचे' एवढंच होतं. गुडघ्याच्या वर येईल एवढं उंच, तोंडाशी पसरट, मध्ये कंबर, खाली पोट सुटलेलं. कडेला वेणीसारखे पिळाचे चार कान. बुडाला चार बुटके पाय. आत डांबरासारखा काळा थर, कितीतरी वर्षांच्या खजुरीच्या पाकाचा, आणि त्याला काकवीचा वास. पाहताक्षणी माझ्या तोंडून निघालं, घंगाळ.

आमच्या प्रमुख म्हणजे युरोपातून आलेल्या एक उंच, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. त्यांनी भांड्याभोवती एक फेरी मारली, गुडघ्यावर बसून बुडाखाली टॉर्च धरला, आणि उठून ते उलटं करायला सांगितलं. दोघा हमालांनी आणि मी ते फोमच्या गादीवर जपून पालथं केलं. उलटं झालं आणि ते पाय बेडूक निघाले.

खरेखुरे बेडूक, ओतलेले, तबकडीच्या काठावर चार दिशांना बसलेले. भार वाहून त्यांच्या पाठी गुळगुळीत झाल्या होत्या, एकाचं तर डोकंच झिजलं होतं. तबकडीच्या मधोमध तारा. ताऱ्याभोवती वर्तुळं, वर्तुळांत लांब चोचीचे पक्षी एकामागे एक उडताहेत, आणि खाली अंगावर होड्या, होड्यांत डोक्याला पिसांचे तुरे लावलेली माणसं. शिकत असताना असे ढोल मी पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या चित्रांत पाहिले होते. पूर्वेच्या समुद्रापलीकडे, व्हिएतनामच्या नद्यांपासून जावा-सुमात्राच्या बेटांपर्यंत दोनेक हजार वर्षांपूर्वी वाजत होते ते काशाचे ढोल. पावसाला हाक मारायला ते वाजवत, असं म्हणतात, म्हणून त्यावर बेडूक. कुणी मोठा माणूस गेला की त्याच्यासोबत पुरतही असत. त्यातला एक इथे, दम्मामच्या एका ए.सी. खोलीत, माझ्या हाताखाली होता.

आणि इतकी वर्षं तो डोक्यावर उभा होता. तारा जमिनीकडे तोंड करून, पावसाला बोलावणारे बेडूक खजुरीचं ओझं पाठीवर घेऊन, जिथे पाऊस विसरूनसुद्धा येत नाही अशा गावात. मला त्या बेडकांची फार दया आली. खोटं कशाला सांगू, थोडी स्वतःचीही आली.

थोड्याच दिवसांत भांड्याची मालकीण ते बघायला आली. उम्म हसन, म्हणजे हसनची आई. इथे बायकांना असंच हाकारतात, थोरल्या मुलाच्या नावाने. सत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत, पण दुसऱ्या हातात कॉफीचा थर्मास आणि आमच्यासाठी पेले. कतीफच्या त्या घरात नि मागच्या बागेत त्या एकट्याच राहत. हसन रियाधला मोठ्या हुद्द्यावर. त्यानेच परस्पर भांडं तपासायला दिलं होतं, आणि ते खरोखर जुनं ठरलं तर संग्रहालयाने ठेवून घ्यावं, हेही त्यानेच कबूल केलं होतं. आईला मात्र एवढंच सांगितलं होतं, की साफ करून आणतो.

त्यांनी ढोल पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे उलटं का ठेवलंय?"

माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत मी सांगितलं, की हेच सुलटं आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं, आजारी आहे का हे बघावं तसं. मग वाद न घालता एकच विचारलं, खुनेझी पिकायच्या आत मिळेल ना? खुनेझी म्हणजे त्यांच्या बागेतली तांबडी खजूर. पहिला घड उतरला की तो आधी या भांड्यात, पाण्यात पडतो, मग शेजारीपाजारी वाटला जातो. त्यांची आजी करायची, आई करायची, त्या करतात. शेजारी आता राहिले नाहीत, सगळे नव्या वसाहतींत गेले. घड मात्र पडतो. मी म्हटलं, इन्शाअल्लाह. या शब्दाची मोठी सोय आहे. देणाऱ्याला काही द्यावं लागत नाही.

त्यांनी मला कॉफी ओतून दिली आणि मी कुणाची आई ते विचारलं. केदारची, म्हटल्यावर मी त्यांच्यासाठी उम्म केदार झाले. मी हिंदहून आले आहे कळल्यावर त्या जरा मोकळ्या झाल्या. त्यांची आजीही तिकडून आलेली. आजोबा खजूर घेऊन गलबताने जायचे, एका फेरीला बायको घेऊन आले. आजीबरोबर हे भांडं आलं. लोक तिला हिंदिया म्हणत, घरचे उम्म अली. मी विचारलं, पण तिचं नाव काय होतं? त्या म्हणाल्या, उम्म अली. लहानपणी विचारायचं सुचलं नव्हतं, आणि मोठेपणी विचारायला आजी उरली नव्हती. त्यांना एवढंच आठवत होतं, की संध्याकाळी आजी अंगणात भांड्यापाशी बसायची, त्याच्या पोटावरून बोटं फिरवायची आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटायची. काय, ते कुणालाच कळत नसे.

मग कामाचे दिवस सुरू झाले. बाहेर ओल वाढत होती. आम्ही ढोलासाठी कोरड्या हवेची मोठी पेटी केली होती, तरी रोज सकाळी मी आधी त्याचं अंग बघायचे, कुठे पोपटी काही फुटलंय का ते. तापातल्या मुलाच्या कपाळाला हात लावावा तसाच तो हात जायचा. लहानपणी मला ताप आला की आई काशाच्या वाटीने तळपाय चोळायची, तूप लावून, वाटी काळी पडेपर्यंत. ताप वाटीत उतरला, म्हणायची. इथे उलटंच झालं होतं, काशालाच ताप आला होता आणि मी त्याचे पाय चोळत बसले होते.

एकदा डॉक्टरांनी बोटाच्या पेराने ढोलावर हलकेच टकटक केली. भांडं घेताना नाशिकला करतात, अगदी तस्सं. मी कान टवकारले. आवाज बद्द आला. खांद्याशी कुठेतरी चीर होती. दोन हजार वर्षांचा ढोल आणि आवाज फुटक्या मडक्याचा. आता हा कधीच वाजणार नाही, डॉक्टर म्हणाल्या, आणि आपल्या कामाला लागल्या. मला मात्र दिवसभर ते लागून राहिलं. संध्याकाळी घरी आल्यावर मी स्वैपाकघरातली सगळी स्टीलची पातेली वाजवून पाहिली. सगळी खणखणीत होती. आमच्या घरात तेवढीच बोलत होती.

केदारचा फोन यायचा तो जेवणाच्या वेळी. मी मराठीत चार वाक्यं विचारायचे, तो इंग्रजीत एक वाक्य द्यायचा. ऑल गुड, आई, सबमिशन आहे, लेटर? मी म्हणायचे, बरं. सुधीर प्लांटचं सांगायचा, कुठला पंप बंद पडला, कोण सुटीवर गेला. मी त्याला बेडकांचं सांगायचे. तो म्हणायचा, अच्छा. दोघंही चांगले आहेत, जीव लावणारे आहेत, तक्रार करायला जागा नाही. पण दिवसभरात कुणी वसुधा म्हणून हाक मारत नव्हतं. सुधीर 'अगं' म्हणतो, केदार 'आई', शाळेतल्या जुन्या पोरी 'मॅम', कामावर सगळे 'मदाम'. नावाला गंज चढतो का, असं एकदा वाटून गेलं आणि मी टीव्ही लावला.

एक्स-रे झाले. काळ्या फिल्मवर ढोलाच्या अंगात जागोजागी बारीक चौकोन दिसले. आतला साचा आणि बाहेरचा साचा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ओतणाऱ्यांनी मध्ये ठेवलेले धातूचे तुकडे. नकली ढोलांत ते सहसा नसतात. डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. धातूचा तपासही जुळला. ढोल अस्सल निघाला, आणि प्रयोगशाळेत केक कापला गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अस्सल म्हणजे आता तो कतीफला परत जाणार नव्हता. खुनेझीचे घड लाल व्हायला लागले होते. रोज जुबैलहून दम्मामला जाताना कतीफच्या बागा लागायच्या आणि मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत बसायचे.

साफ करायचं शेवटचं काम उरलं होतं, तबकडीच्या आतल्या अंगाचं. तिथला पाकाचा थर खरवडायला ढोल पुन्हा पालथा करावा लागला, म्हणजे उम्म हसनच्या घरी असायचा तसा. दुपारची वेळ होती, बाकीचे जेवायला गेले होते. मी स्टुलावर बसले होते आणि खिडकीतून उजेड आडवा पडला होता. ढोलाच्या पोटावर टिंबांचा एक पट्टा होता. आमच्या नोंदीत तो 'नंतरची नक्षी, अर्थ नाही' असा गेला होता. मीही रोज त्यावरून ब्रश फिरवत होते. त्या दुपारी ब्रश थांबला.

ह. मग लि. मग मा.

छिन्नीच्या टोकाने एकेक टिंब ठोकत काढलेली बाळबोध अक्षरं. मी अक्षराला अक्षर लावत गेले. 'हलिमा हीस मामूकडून.'

मला हसू आलं. अहो, भांड्यावर नाव घालायची ही आपली रीत. लग्नात भांडी द्यायची, आणि बाजारातून घरी आणायच्या आधी त्यावर नाव घालून घ्यायचं, कुणाला आणि कुणाकडून. माझ्या माहेरच्या तांब्यावर आहे, सासूबाईंच्या डब्यांवर आहे. नाव घालणाऱ्याने ते भांडं समजून घातलं होतं. डॉक्टरांनी ढोल सुलटा उभा केला आणि नाव डोक्यावर उभं राहिलं. म्हणून इतके दिवस ते माझ्यासमोर होतं आणि मला दिसत नव्हतं. मी ते मोठ्याने वाचलं, रिकाम्या खोलीत, दोनदा.

मामू म्हणजे रत्नागिरी-रायगडकडच्या किनाऱ्यावरचं मुसलमान घर. मामू खलाशी असेल. पूर्वेच्या बेटांवरून परतताना कुठल्याशा बंदरात त्याला हे चार पायांचं जाडजूड घंगाळ दिसलं असेल, भाचीच्या लग्नाला होईल म्हणून त्याने उचललं असेल. आणि भाची पडली ती थेट समुद्रापार. हे सगळं माझ्या मनचं. अहवालात एवढंच गेलं, की नंतरच्या काळातला देवनागरी मजकूर, व्यक्तीचं नाव. डॉक्टरांनी इंग्रजी भाषांतर करून मागितलं. मामूचा मॅटर्नल अंकल झाला, आणि मग त्यात काही उरलं नाही.

त्या रात्री, आणि पुढे कितीतरी दिवस, मी हलिमाचाच विचार करत होते. तिला वाचता येत होतं का? बहुतेक नसावं. बोटांना मात्र पाठ होतं, कुठे काय लिहिलंय ते. त्या घरात ती गेली तेव्हापासून ते नाव वाचू शकेल असं कुणी तिथे आलं नव्हतं. आणि पहिल्या वर्षी ही ओल आली असेल तेव्हा? समुद्रावरून वारा, अंगाला चिकटणारी हवा, भिंतींना आलेला घाम. कोकणातली पोर ती. तिला वाटलं असेल, आता कोसळणार. अंगणात जाऊन तिने वर पाहिलं असेल. दुसऱ्या दिवशीही पाहिलं असेल. शेजारी हे पावसाचे बेडूक, त्यांना तर तोंड वर करायचीही सोय नव्हती. कधीतरी तिने वर बघणं सोडून दिलं असेल. माझंही असंच झालं होतं, फक्त मला ते तिच्यामुळे कळलं.

मी कतीफला गेले तेव्हा खुनेझी उतरली होती. हसनने आईला फोनवर सांगून टाकलं होतं, की भांडं आता सरकारजमा, मोठा मान आहे आपल्या घराण्याचा. उम्म हसन अंगणात बसल्या होत्या आणि पहिला घड एका निळ्या प्लास्टिकच्या टबात पाण्यात पडला होता. त्यांनी मला बस म्हटलं, पण कॉफी विचारली नाही. इथे कॉफी न विचारणं म्हणजे काय, ते इतक्या वर्षांत मला कळत होतं.

मी पातळ कागदावर त्या टिंबांचा ठसा घेऊन गेले होते. तो त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांचं बोट धरून पहिल्या टिंबावर नेलं.

"हलिमा," मी म्हटलं. "तुमच्या आजीचं नाव हलिमा."

त्यांनी ते बोट पुढे सरकवलं नाही. तिथेच ठेवून त्या म्हणाल्या, हलीमा. पुन्हा म्हणाल्या. मामूचं सांगितलं, लग्नात भांडी द्यायची रीत सांगितली, आजी बोटं कशावरून फिरवायची तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या की नाही कळेना. शेवटी म्हणाल्या, "नाव दिलंस आणि भांडं नेलंस."

मी टबातली खजूर बघत राहिले. मग त्यांनी थर्मास ओढला, कॉफी ओतली आणि पेला माझ्या हातात देताना विचारलं, "आणि तुझं नाव?"

मी सांगितलं. त्यांना 'ध' जमेना. वसुदा, वसुदा, असं त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं आणि मग त्याच नावाने मला खजूर घ्यायला सांगितलं. कितीतरी दिवसांनी कुणी मला नावाने बोलावलं होतं. मला रडू आलं. चष्म्यावर वाफ होतीच, त्यामुळे त्यांना दिसलं नसावं.

संग्रहालय उघडलं आणि ढोल काचेत उभा राहिला, सुलटा, तारा छताकडे करून. पुढच्या उन्हाळ्यापासून उम्म हसन पहिल्या घडातली मूठभर खुनेझी डब्यात घालून तिथे आणायच्या. काचेपुढे जमिनीवर डबा ठेवायचा, थोडा वेळ थांबायचं, मग तो डबा उचलून आम्हाला वाटायचं. खाद्यपदार्थ आत न्यायला बंदी, पण त्या वयाच्या बाईला इथे कुणी अडवत नाही. मी शेजारी उभी राहायचे. माझा करार संपला तरी त्या दिवसापुरती जायचे. आम्ही फारसं बोलत नसू. एकदा त्या ढोलालाच आजी समजून म्हणाल्या, तिला आता उलटं झोपावं लागत नाही, बरं झालं. मी म्हटलं, तिला नाही, पण तिच्या नावाला लागतं. त्या हसल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात हसन त्यांना रियाधला घेऊन गेला. गुडघे गेलेत, एकटीला ठेवणं बरं नाही, त्याचंही खरंच आहे. घर बंद आहे. बाग कुणीतरी खंडाने घेतली. परवा त्यांचा आवाज फोनवर आला, रेकॉर्ड करून पाठवलेला, मागे टीव्ही चालू होता. "वसुदा," त्या म्हणत होत्या, "इकडे हवा कोरडी आहे. तिकडे खुनेझी पिकली असेल." पुढे काहीच नव्हतं. त्यांनी काही मागितलं नाही, आणि मी तो आवाज स्वैपाकघरात उभी राहून पुन्हा पुन्हा ऐकला.

म्हणून आज चष्मा पांढरा झाला तरी मी परत फिरले नाही. कतीफच्या बाजारात गाडी थांबवली. टोपल्यांमागे बसलेल्या माणसाला म्हटलं, पहिल्या घडातली खुनेझी दे. त्याने एक खाऊन बघायला दिली. मी डबा भरून घेतला.

संग्रहालयात गार होतं आणि कुणी नव्हतं. ढोल त्याच्या जागी. खाली पाटी, पूर्वेच्या बेटांचं नाव, काळ, धातू, आणि शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात, की अंगावर नंतरचा मजकूर आहे. मी वाकून मान वाकडी केली, तेव्हा कुठे टिंबं ओळीत आली. मागून कुणीतरी आलं. नवा रखवालदार, गळ्यातल्या कार्डावरून आणि बोलण्यावरून बिहारकडचा वाटला. आधी त्याने माझ्या मानेची चौकशी केली, दुखतेय का म्हणून. मग त्याला डबा दिसला.

"मैडम, खाना अंदर मना है."

मी म्हटलं, खाण्यासाठी नाही, हलिमासाठी आहे. त्याने काचेत पाहिलं, पाटी पाहिली, आजूबाजूला पाहिलं. कोण हलिमा, हे त्याने विचारलं नाही. माझ्याकडे बघून जरा हळू आवाजात विचारलं, "आप उनकी कौन लगती हैं?"

"मायके से हूँ," मी म्हटलं.

तो दोन पावलं मागे गेला आणि पाठ करून दाराकडे बघत उभा राहिला. मी डबा उघडून काचेपुढे ठेवला, मान वाकडी केली आणि मोठ्याने वाचलं.